नारिंगी तराफा

दुपारी चारला उत्पलाला जाग आली तीच तोंडात आलेपाकाची चव घेऊन. तिने आलेपाक खाल्लाच नव्हता. खाल्ला होता वर सुकाणूवर बसलेल्या नवऱ्याने, निळकंठने. ‘टिटवी’ या त्यांच्या चौतीस फुटी शिडाच्या नौकेवर हे रोजचंच झालं होतं. रत्नागिरीहून सेशेल्सला निघून सोळा दिवस झाले होते. माणसं दोनच, म्हणून चार-चार तासांचे पहारे आणि दोघांच्याही कपाळाला स्मृतिपट्टी. जागणारा जे पाहील, ते झोपलेल्याच्या मेंदूत उतरायचं. वारा कसा, लाटा कशा, उठणाऱ्याला काही सांगावंच लागत नसे. मग नोंदवही लिहीत बसतो कोण? पहिल्याच आठवड्यात ती कपाटात गेली होती.

आज मात्र चव गेली तरी काहीतरी मागे राहिलं. एक नारिंगी तराफा. त्यावर हलणारा एक हात. आणि मनात आलेला विचार, आता वळलो तर पाणी पुरायचं नाही.

ती धडपडत वर आली. “निळू, तराफा दिसला आणि तू नाव वळवली नाहीस?”

निळकंठचा चेहरा उतरला. “मी? अगं, परवा झोपेत मला ते तुझ्याकडून आलं! तुला विचारायचा धीरच होईना. आज पहाऱ्यावर तेच डोक्यात घोळत होतं.”

“म्हणून माझ्यात उतरलं?”

“असेल. पण परवा तुझ्या डोक्यात तरी कुठून आलं? त्याआधी माझ्याकडूनच आलं असेल तर?”

उत्पलाला काही सुधरेना. आठवणीत डावा गुडघा ठणकत होता. दुखरा गुडघा निळकंठचा, पण हल्ली तिचाही ठणकायचा.

तिने उपग्रह-फोनवरून बचाव केंद्र गाठलं. “तराफा कुठे दिसला बाई? आणि केव्हा?” पलीकडच्या माणसाने विचारलं. परवाच्या आधीचे दोन दिवस धरले, तर नकाशावर चार दिवसांचा मार्ग होता, चारशे मैलांचा. त्यातली जागा कोणती, ते दोघांनाही सांगता येईना. “जहाज पाठवतो,” तो म्हणाला, “पण एवढा समुद्र धुंडाळायचा म्हणजे कठीण आहे.”

“आपण वळतोय,” उत्पला म्हणाली. पाणी जेमतेम नऊ दिवसांचं उरलं होतं. निळकंठने सुकाणू फिरवलं. शीड फडफडत दुसऱ्या बाजूला गेलं. तिने दोन्ही पट्ट्या उतरवून ठेवल्या आणि कपाटातून नोंदवही काढली.

‘तराफा दिसला’, तिने लिहिलं. ‘पहाऱ्यावर कोण’ या रकान्यापाशी मात्र हात अडला. तिथे निळकंठचं नाव असावं, असं तिला अगदी मनापासून वाटलं, आणि तसं वाटल्याची शरमही वाटली. तिने मान वर केली. निळकंठ तिच्याकडेच बघत होता, तसाच शरमलेला.

मग निदान ही इच्छा तरी तिची होती का, की तीही झोपेत त्याच्याकडून उतरली होती?