ब्रिथ पाण्यात पडला!

पेरणीचे दिवस टळण्याआधी बियाण्याचा गहू कूम हव्रिद या नव्या वेल्श वसाहतीच्या खोऱ्यात पोचवायचा, एवढ्यासाठी मेरेरिदनं पाटागोनियाचं ते वैराण पठार तुडवलं होतं. डोंगराच्या कुशीत तिचा नवरा इवोर दोन पोरांना घेऊन तिची वाट बघत होता. गेल्या वर्षीचं पीक हिमानं पार जाळलं होतं. यंदा पेरणी हुकली, तर हे खोरं सोडायचं आणि दुसऱ्याच्या शेतावर राबायचं!

गाडीत गव्हाची पोती होती, आणि त्यांच्यावर दोरखंडानं बांधलेली सासूबाईंची पायपेटी. सासूबाई गेल्या, पण सासरे एलायशा पायपेटी सोडायला तयार नव्हते. ते चॅपलचे पंच. नव्या खोऱ्यातल्या चॅपलमध्ये ती वाजलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

शनिवारी तिन्हीसांजेला चुबुत नदीचा पहिला फाटा ओलांडला आणि मधल्या बेटावर एलायशांनी हात वर केला. "थांबा. उद्या रविवार."

"मामंजी, दुसरा फाटा समोरच तर आहे!"

"बैल दमलेत, अंधार पडतोय. सोमवारी बघू."

रविवार देवाचा, त्या दिवशी गाडी जुंपायची नाही म्हणजे नाही! भाकरीसुद्धा आदल्या दिवशी भाजलेली. जनावराचा जीव धोक्यात असेल तरच रविवार मोडायचा, एवढीच काय ती सवलत.

सकाळी प्रार्थना चालू असताना मेरेरिदनं पाण्याकडे पाहिलं. पाणी गढूळ झालं होतं, आणि काल रात्री कोरडा असलेला दगड आता दिसत नव्हता. डोंगरात बर्फ वितळलं होतं!

"गेथिन भावोजी, बघा ना!" ती दिराच्या कानात कुजबुजली.

"बघितलं, वहिनी. पण बाबांना सांगणार कोण? मला तर ते जिवंत गाडतील, तेही सोमवारी!"

तिनंच सांगून पाहिलं. एलायशांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "देव बघून घेईल," एवढंच म्हणाले.

पाणी गाडीच्या चाकांना लागलं. आता मात्र मेरेरिदचं डोकं फिरलं. ती तडक चरणाऱ्या बैलांकडे गेली. ब्रिथ, चारांतला सगळ्यात दांडगा आणि पट्टीचा पोहणारा, काठावरच उभा होता. "माफ कर रे राजा," ती म्हणाली आणि सगळा जोर लावून त्याला ढकललं.

धपाक्!

"बैल पडला! ब्रिथ पाण्यात पडला!"

ब्रिथ मात्र मुकाट पोहत पलीकडे निघाला, आणि पैलतीराच्या चिखलात पोटापर्यंत रुतला. तिथून तो हंबरडा फोडू लागला.

एलायशा ताडकन उठले. "ओढून काढा त्याला! साखळी घ्या!"

"बाबा, ओढायला जोडी पलीकडे न्यावी लागेल," गेथिन म्हणाला. "आणि जोडी जातेच आहे, तर गाडी कशाला मागे ठेवायची?"

एलायशांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. "जुंप!"

जोडी जुंपली, तिसरा बैल मागे बांधला. गाडी पाण्यात उतरली. चाकं बुडाली. आस बुडाला. चौघांची गाडी दोघं ओढणार किती? ऐन मधोमध ती अडली! पाणी पोत्यांपासून जेमतेम वीतभर खाली होतं.

"वजन कमी करा!" गेथिन ओरडला.

मेरेरिदनं पोत्याला हात घातला. डोळ्यांसमोर पोरं आली, हात थिजले.

"गव्हाला हात लावू नकोस!" एलायशा गर्जले. त्यांनी सुरी काढली, दोरखंड कापला आणि पायपेटीला खांदा दिला. पेटी कलंडली, पाण्यात एकदा घुमली आणि वाहून गेली. म्हातारा वळूनही बघेना.

"हाक, गेथिन! हाक!"

बैलांनी जीव खाऊन ओढलं. गाडी हलली. चढली. पार झाली!

साखळी लावून ब्रिथला चिखलातून काढलं, तेव्हा मागचं बेट दिसेनासं झालं होतं. सगळे ओलेचिंब, धापा टाकत बसले.

"मेरेरिद," एलायशा म्हणाले, "ब्रिथ आपण होऊन पडला नाही."

तिचा चेहरा पडला. "नाही, मामंजी. मी ढकलला."

"बघितलं मी. एक डोळा उघडाच होता माझा." त्यांनी ओली बाही पिळली. "पंच मी. मी काल उगाच थांबवलं, आणि आज 'निघा' म्हणायचा धीर होईना. कुणीतरी काहीतरी करावं म्हणून देवाला आळवत होतो गं."

गेथिन हसत सुटला. मेरेरिदला मात्र रडू कोसळलं. "सासूबाईंची पेटी गेली हो!"

म्हातारा उठला. त्यानं खालच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर गहू काढला आणि एक दाणा दाताखाली कडकन फोडला.

"कोरडा आहे," तो म्हणाला. "पेरा."