मे महिन्यात बुजवलेल्या फटी

“रोज गुडघे टेकून कुणाची माफी मागतोस रे?”

पैज मैत्रिणीची, पल्लवीची; प्रश्नही तिचाच. पण विचारताना आवाज चारूचा निघाला – आणि चांगला खणखणीत निघाला. तारनाक्याच्या त्यांच्या कॉलनीतल्या क्लबाचं बॅडमिंटन कोर्ट, मे महिन्याची रणरणती दुपार, आणि सागवानी फळ्यांवर ओणवा झालेला पुष्कर. शाळेत शेजारच्या तुकडीतला. वर्षभरात तिच्याशी एक शब्द न बोललेला.

त्यानं मान वर केली. नाकाच्या शेंड्याला सरस लागला होता.

“फळ्यांची,” तो म्हणाला. “फायनलला या फटीत बूट अडकला, हरलो. म्हणून बुजवतोय.”

“एकटाच?”

“पैज मारून आलेल्यांना काम चालतं का?”

दाराआड पल्लवी फिस्सकन हसली. आता खरं तर पळायचं होतं. चारू मात्र... खाली बसली.

सुट्टीभर ती लाकडाचा भुसा आणि सरस मळत राहिली, तो पातीनं फटीत दाबत राहिला.

“पोळ्याही अशाच करतेस?”

“करत नाही. तू शीक.”

एकदा तो फटीकडे बघतच म्हणाला, “पावसाळ्यानंतर मिक्स्ड डबल्स आहे. मला... जोडीदार नाही.”

“विचारतोयस की सांगतोयस?”

तो इतका वाकला की नाक पुन्हा सरसात.

शाळा उघडली तेव्हा पंचाच्या खुर्चीखालचा कोपरा तेवढा राहून गेला होता. तिथल्या फटीत चारूनं एक चाराण्याचं नाणं उभं करून ठेवलं. बोट लावलं की खुळखुळायचं.

आणि श्रावणात कोर्टानं पाठ वर काढली. मधल्या फळ्या अशा उचलल्या, जणू खाली कुणी कूस बदलून झोपलंय.

चारूचे बाबा, भगवंतराव, क्लबाचे सेक्रेटरी. त्यांना निमित्तच हवं होतं. “लाकूड सडलं. उपटा सगळं. खाली मार्बल, वर एसी – फक्कड फंक्शन हॉल करू. जमाना बदललाय, बाहेरच्या कंपन्या दारात आल्यात, आणि आपण अजून फुलं उडवत बसलोय. त्या पोरानं सरस ओतून ओतून नासवलं लाकूड. त्याला म्हणावं, क्लबात पाऊल नक्को. आणि चारू, त्याच्याबरोबर खेळायचं नावही काढू नकोस.”

घरातल्या खिळ्याला क्लबाची चावी टांगलेली असे. संध्याकाळी ती खिळ्यावर नव्हती.

“माझ्यामुळं झालं,” कोर्टावर उभा पुष्कर पुटपुटला. “काकांना सांगतो, चूक माझीच.”

“गप रे हौल्या, येडाच आहेस.” चारूची नजर पंचाच्या खुर्चीवर खिळली होती. “तो कोपरा बघ.”

कोपरा सपाट होता. जिथं सरस पोचलाच नव्हता, तिथंच तेवढा सपाट. तिनं नाणं नखानं ओढलं. हलेना. पुष्करनं ओढलं. हलेना.

“मे महिन्यात खुळखुळत होतं ना?”

“म्हणजे...”

“म्हणजे सडलं नाही, फुगलंय. उन्हात आक्रसतं, पावसात पसरतं. त्याच्या पसरायच्या जागेत आपण भुसा कोंबला.”

मग सुरू झाली उलटी मेहनत. रोज संध्याकाळी दोघं बुजवलेलं उकरत, बाबा घरी यायच्या आत चावी पुन्हा खिळ्यावर जाई, आणि कोर्ट हल्लूहल्लू खाली बसत गेलं. भर पावसातही उघड्या राहिल्या त्या दोनचारच फटी. त्यांच्यासाठी पुष्करनं जामबागच्या एका सुताराला विचारून सागाच्या बारीक पट्ट्या आणल्या.

“सरस एकाच बाजूला लावायचा,” तो म्हणाला. “दुसरी बाजू मोकळी. फळीला हलता यायला हवं.”

“म्हणजे एकतर्फी.”

“लाकडाचं तसंच असतं.”

“आणि तुझं?”

बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता. पुष्करचे कान लाल झाले. “माझं... मे महिन्यापासून.”

“मग एकतर्फी नाही,” चारू म्हणाली, आणि त्याच्या हातातली पट्टी काढून घेऊन तिनं ती शांतपणे फटीत बसवली. छातीत मात्र कुणी धडाधड स्मॅश मारत होतं.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मार्बलचे तुकडे मांडलेले होते, पांढरा, गुलाबी, हिरवट.

“चावी कुणी नेली होती?” बाबांनी विचारलं.

“मी.”

आईच्या हातातला डाव वरणावरच थांबला.

“कोर्ट बघून या, बाबा. सपाट झालंय. फटी आम्ही दोघांनी बुजवल्या होत्या, आम्ही दोघांनीच उकरल्या. एकट्या पुष्करला बोलायचं नाही.”

“आम्ही दोघांनी?” आई म्हणाली.

“हो आई. आणि उन्हाळ्यात त्या पुन्हा दिसतील. दिसू देत, लाकडाला श्वास लागतो.” चारूनं मार्बलचे तुकडे एकावर एक रचले आणि बाबांकडे सरकवले. “हे परत पाठवा. पुढच्या महिन्यात मी त्याच कोर्टावर मिक्स्ड डबल्स खेळणार आहे. पुष्करबरोबर. नाव देऊन आलेय. आई, वरण वाढ ना.”