फंक्शनचं मूळ घर

मुलांनो, जरा डोळ्यांपुढे आणा बघू — लहान मुलांच्या इस्पितळातली वरच्या मजल्यावरची एक खोली. टेबलावर उन्हाच्या तिरप्या रेघा. आणि संगणकाकडे डोळे वटारून बसलेली एक मुलगी. सगळे तिला आकडेताई म्हणत. शाळेला सुट्टी होती म्हणून तिची सात वर्षांची भाचीही सोबत आली होती आणि फिरत्या खुर्चीत गरगर फिरत होती.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांची वजनं कशी वाढतात, याचे आलेख आकडेताई काढायची. त्यासाठी ‘आर’ नावाच्या संगणकी भाषेत एक तयार फंक्शन, म्हणजे ठरलेलं काम करून देणाऱ्या सूचनांचा संच होता, दुसऱ्या कुणी लिहून पॅकेजमध्ये, म्हणजे अशा फंक्शनांच्या गाठोड्यात बांधून दिलेला. आज सकाळी तिनं ते आतून वाचलं आणि चरकली. बाळाची एखादी तपासणी राहून गेली, की ते फंक्शन अख्खं बाळच गुपचूप वगळत होतं! आणि नर्सनी घरोघरी जाऊन बाळं बघायची की ते बंद करायचं, हे मोठ्या डॉक्टरीणबाई दुपारी ठरवणार होत्या. वगळलेली बाळं आलेखात दिसलीच नाहीत, तर त्यांच्या घरी जाणार कोण?

तिनं फंक्शनची नक्कल केली, ती ओळ बदलली, चालवून पाहिली. लाल अक्षरं उमटली — मदतीचं फंक्शन सापडत नाही.

“सापडत नाही म्हणे! तिथेच तर आहे, मेल्या!”

दारात कुणीतरी खुदकन हसलं. खालच्या मजल्यावरच्या संगणक विभागातला नवा मुलगा प्रिंटरसाठी कागद मागायला आला होता.

“मी… बघू का?”

“बघा. पण शहाणपण शिकवलंत, तर कागद मिळणार नाही.”

तो सावकाश वाचू लागला. सूचनांच्या मध्येच माणसांसाठी लिहिलेल्या एका टिपेपाशी थबकला. “‘या ओळीला हात लावू नका, ती लगेच रुसते’ — हे लिहिणाऱ्या तुम्हीच?”

आकडेताईचे कान लाल झाले.

तो भाचीकडे वळला. “तू मावशीकडे राहायला आलीस, तर तुझे शाळेचे मोजे कुठे शोधशील?”

“इथे कशाला? ते आमच्या घरी आहेत.”

“शाब्बास! हे फंक्शनही मावशीकडे आलंय, पण त्याचे मदतनीस राहिलेत पॅकेजच्या आतल्या कपाटात. त्याला मूळ घराचा पत्ता द्यायचा, बस्स.”

“त्यापेक्षा पॅकेजमधलंच बदलते ना!” आकडेताई म्हणाली.

“बदलता येईल. पण त्याच्यावर विसंबलेली बाकीची फंक्शनंही मग वेगळी उत्तरं देतील, आणि आपल्याला कळणारही नाही. तुमचं तुमच्या नावानं राहू दे.”

तिनं पत्त्याची ती एक ओळ लिहिली. आलेख उमटला… आणि इतके दिवस नसलेल्या रेघा दिसल्या. फिकट, बाकीच्यांपेक्षा कितीतरी खाली.

“इथेच होती ही सगळी बाळं,” ती पुटपुटली.

“आम्ही सगळे हेच फंक्शन वापरतो. आत डोकावलात फक्त तुम्ही.” हे म्हणताना तो आलेखाकडे बघत नव्हता.

दुपारी बैठकीतून ती जवळजवळ धावतच बाहेर आली. “नर्स जाणार! घरोघरी जाणार!”

तो भाचीशेजारी बाकावर बसला होता. “छान! मी… ते… कागद न्यायचा राहिला होता.”

“अजून? प्रिंटर उपाशी असेल बिचारा.”

“खरं सांगू? कामाला बसलो, की मी आधी आपल्या सामायिक फायलींतल्या तुमच्या टिपा वाचतो. काम नसलं तरी वाचतो. लिहिणारं माणूस कसं असेल, असं सारखं वाटायचं.”

“मग? कसं निघालं?”

“टिपांपेक्षा गोड.” तो घाईघाईनं उठला. “संध्याकाळी… चहाला याल?”

“आले असते…” ती जमिनीकडे बघत म्हणाली, “पण भाची आहे ना सोबत.”

भाचीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग मावशीच्या हातातला फोन काढून घेतला, आईला लावला आणि म्हणाली, “आई, मला लवकर न्यायला ये. मावशीला काम आलंय… नाही गं, संगणकाचं नाही!”