पाण्यात ठेवलेले देव

पालीच्या धरणाखाली मच्छीमार सोसायटीनं बांधलेलं मासेघर सगळ्यांना फुकट होतं. शाळांच्या सहली यायच्या, पोरं काचेला नाक लावून रोहू, कटला, मरळ असले मासे बघायची. यंदा बिंदुसरा नदी पार आटली. होड्या तडकलेल्या गाळावर उपड्या पडल्या, सभासद कुठं कुठं पांगले. तरी मासेघरातला काचेचा मोठा हौद चेअरमन सुंदररावांनी टँकरच्या पाण्यावर जगवला होता. उद्या धरण भरलं तर माशांचं बीज त्यातूनच धरायचं होतं.

गावच्या बाया घागरी घेऊन उन्हात रांगेला, आणि मासे काचेमागं गार.

"पुढल्या जन्मी मासोळी व्हावं," रांगेतली छबुबाई म्हणायची. "सभासदाची बायको व्हऊ न्हाई."

सत्यभामा हसायची नाही. मासेघराची झाडलोट तिच्याकडं होती. पहाटे देवपूजा, मग माशांना कणकेच्या गोळ्या. एक गोळी, एक नाम. नवरा गेल्यापासून हा नेम चुकला नव्हता.

तिचा एकुलता लेक बिभीषण कोकणात हर्णैला एका बोटीवर कामाला गेला होता. धरणात जाळं टाकणारा पोरगा समुद्रावर. फोनवर सांगायचा, "माय, हितं पाणी दिसातून दोनदा आत येतंय, दोनदा माघारी जातंय. लई पाणी हाय, पर पेयाला थेंब न्हाई."

वैशाखात तिकडं वादळ झालं. बोटमालकाचा फोन आला: बोट अजून किनाऱ्याला लागली नाही.

सत्यभामानं देव पाण्यात ठेवायचं ठरवलं. पण त्यालाही पाणी लागतं. देव पुरते बुडाले पाहिजेत, आणि मागणं पुरं होईपर्यंत उघडे पडता कामा नयेत. घरातल्या दोन हंड्यांत पिण्यापुरतंच होतं. मग तिनं पितळेचा बाळकृष्ण पदराआड मासेघरात नेला आणि हौदातल्या दगडाआड सोडला. रेतीवर तो न कलंडता टेकला.

"माझं लेकरू घरी येस्तोवर तुमी पाण्यात," ती म्हणाली.

त्यानंतर हौदाचं पाणी कमी-जास्त होऊ लागलं. सकाळी काठोकाठ, दुपारी हातभर खाली, दिवस मावळायला पुन्हा काठोकाठ. सुंदररावांनी कुलूप बदललं. मग स्वतः खुर्ची टाकून बसले.

"चोरी व्हती म्हणावं, तर तेबी समजलं असतं, वहिनी," ते म्हणाले. "पर आणून कोण टाकतंय?"

सत्यभामानं काचेकडं पाहिलं. मासे गोळ्या खायचे थांबले होते. सगळे मावळतीच्या भिंतीकडं तोंड करून एका जागी कल्ले हलवत होते. काचेवर पांढरा थर धरला होता. तिनं बोट लावून जिभेला लावलं आणि पदरानं तोंड पुसलं. मीठ होतं.

एका दुपारी बिभीषण आला. मांजरसुंब्याहून जीप मिळाली म्हणाला. गल्ली गोळा झाली, छबुबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. उन्हातून आलेल्या लेकापुढं सत्यभामानं तांब्या धरला. त्यानं तो घेतला आणि तसाच खाली ठेवला. अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

माणसं पांगल्यावर तिनं विचारलं, "बोटीवरचे बाकीचे रं?"

"त्यास्नी कुणी बलावलं न्हाई," तो म्हणाला.

ती उठली. मागणं पुरं झालं होतं, आता देव बाहेर काढायचे, पुसायचे, गोडाचा निवद दाखवायचा. बिभीषणनं तिचं मनगट धरलं. त्याची बोटं गार होती, बोळातल्या रांजणासारखी.

"राहू दे, माय."

"काम झाल्यावर देव पाण्यात ठेवू न्हाई, बाबा."

"राहू दे."

दुसऱ्या सकाळी हौदातले सगळे मासे उलटे झाले होते. सुंदरराव बराच वेळ काचेपुढं उभे राहिले. सोसायटीचं बीज संपलं होतं.

"निदान पाणी तरी जनावरांच्या छावणीला जाऊ द्या," ते म्हणाले, आणि मोटार लावली.

छावणीत जनावरांनी टाकीत तोंड घातलं, फुरफुरली आणि मागं सरली.

इकडं हौदाचं पाणी उतरत बाळकृष्णाच्या मुकुटाला आलं तेव्हा सत्यभामाला राहवलं नाही. तिनं हौदातलंच पाणी हांडीत भरलं, देव पाण्याबाहेर न येऊ देता त्यात घेतला आणि घरी धावली. बिभीषण बाजेवर उताणा पडला होता. ओठ गाळासारखे राखाडी. तिनं हांडी उशाशी ठेवली. जरा वेळानं त्यानं डोळे उघडले.

"बरं केलं," तो म्हणाला.

आता हांडीतलं पाणी खालीवर व्हायचं. वर यायचं तेव्हा बिभीषण उठून बसायचा, चार शब्द बोलायचा. खाली जायचं तेव्हा पडून राहायचा. आणि रोज पाणी आदल्या दिवसापेक्षा थोडं खालीच थांबायचं. सत्यभामा आपल्या वाट्याचं त्यात ओतायची. गोड पाणी ओतायची, हांडीच्या कडेला मीठच धरायचं.

"कावून ओठ फुटलेत गं तुजे?" छबुबाईनं विचारलं. "लेक आला, आता तरी उपास सोड."

"नेम हाय," ती म्हणाली.

मग टँकर आलाच नाही. रस्त्यात बंद पडला, कुणी म्हणालं. दुसऱ्या गावानं अडवला, कुणी म्हणालं. सत्यभामाचा एक हंडा पालथा, दुसऱ्यात तांब्याभर. हांडीत बाळकृष्णाचा मुकुट कोरडा पडला होता. बिभीषणची छाती हलत होती की नाही, दिसत नव्हतं.

दारात छबुबाई आली. अनवाणी.

"सत्यभामा, आमच्या मालकांना ऊन लागलंय. डोळे फिरवाय लागलेत. घोटभर पाणी दे. त्यांच्या तोंडात सोडते."

सत्यभामा उंबऱ्यात उभी राहिली. तांब्या तिच्या हातात होता, पदराआड. मागं बाजेवर काहीच हालचाल नव्हती. दारी आलेल्याला पाण्याला नाही म्हणणं तिला आजवर ठाऊक नव्हतं.

"न्हाई गं," ती म्हणाली. "घरात थेंब न्हाई."

छबुबाईनं तिच्या पदराकडं पाहिलं. वळून गेली.

सत्यभामानं दार लोटलं. खाली बसली. तांब्या हांडीत ओतला, शेवटचा थेंब झटकून. पाणी मुकुटाला लागलं, मुकुट बुडाला.

बिभीषणनं लांब श्वास सोडला. त्याच्या कपाळावरून तिनं हात फिरवला.

चार घरं पलीकडं छबुबाईनं हंबरडा फोडला.

बिभीषणनं डोळे न उघडताच ओठ हलवले. ती वाकून कान देऊन ऐकू लागली.

"अजून," तो म्हणाला.