सुट्या भागांचा कागद

लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्याला बाजारात सगळे सर्जन म्हणत, आणि त्याला ते आवडे. बावीस वर्षांत एकही मशीन त्याच्या टेबलावरून बंद परत गेलं नव्हतं. बाकीच्यांकडे उरलेल्या स्क्रूंच्या बरण्या असत. हा मात्र कागदावर लॅपटॉपची आकृती काढी आणि काढलेला प्रत्येक भाग तिच्यात जागच्या जागी ठेवी. "माझ्याकडे उरत काही नाही," हे तो कुणी न विचारताच सांगे.

त्या दुपारी कपडे शिवणारी एक बाई आली.

"दादाचा आहे. दादा गेल्या महिन्यात गेला. त्याच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण यातच आहे, आणि छापखानेवाले उद्याच्या पुढं थांबायला तयार नाहीत."

"होतं काय?"

"फाइल उघडायच्या आत बंद पडायचा. आता सुरूच होत नाही. दोघांनी हात टेकले."

"दोघांनी?" सर्जनचा चेहरा खुलला. "बसा."

पद्धत ठरलेली. एकेक भाग काढायचा आणि चालवून बघायचं. जो काढल्यावर मशीन चाललं, तो चोर. त्यानं बॅटरी काढून चार्जर लावला. पडदा उजळला, दहा सेकंदांत गेला. रॅमची एक पट्टी काढली. अर्धा मिनिट चालला. दुसरीही काढली, आता तो सुरूच व्हायला नको होता. दोन मिनिटं चालला.

"जमतंय ना?"

"न जमायला काय झालं?"

त्यानं हार्ड डिस्क काढली.

फाइल उघडली.

सर्जननं हातातली डिस्क उलटसुलट करून पाहिली. मग, शहाण्यानं थांबावं तिथं, त्यानं चार्जर उपटला.

पंखा थांबला. पडदा विझला नाही.

"हे वाक्य अर्धं होतं," बाई हळूच म्हणाली. "मी त्याच्या मागं उभी राहून वाचलं होतं."

वाक्य पुढं सरकत होतं. दोन शब्द. मग जरा विराम. दोन शब्द.

"असाच लिहायचा."

सर्जननं रॅमची पट्टी उचलली.

"लावू नका," ती म्हणाली. "पाया पडते तुमच्या."

खरं सांगायची वेळ होती. पण चालू मशीन परत द्यायला बावीस वर्षांचा अभिमान नाही म्हणेना.

"किरकोळ बिघाड होता," तो म्हणाला, आणि लॅपटॉप तिच्या हाती दिला. भाग कागदावरच राहिले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

"प्रकरण पुरं झालं. वहीत उतरवून घेतलं नि छापखान्यात दिलं. दादानं आभारात तुमचं नावही घातलंय. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट."

सर्जनची छाती फुगली. मग त्याच्या ध्यानात आलं, की ते नाव बाजारात कुणालाच ठाऊक नाही.

"एक विचारायचं राहिलं. हा बंद कसा करायचा हो?"

"झाकण मिटा."

"मिटलेलंच आहे," ती म्हणाली.

फोनमधून कीबोर्डची टकटक ऐकू येत होती.