बिनजिन्याचं दार

रविवारी सकाळी नूतनला नानखटाई आणायला खाली पाठवलं, तिथून सुरू करतो, कारण तोवर दिवस अगदी साधा होता. शहाण्णव सालचा जून. उकाडा असा की मागच्या जिन्याचा कठडासुद्धा हाताला चिकटत होता.

मागच्या जिन्याचा म्हणायचं, कारण पुढचा जिना राहिलाच नव्हता. वर्षापूर्वी रस्ता रुंद झाला तेव्हा सुरतेच्या सगरामपुऱ्यातल्या त्या ओळीतल्या सगळ्या घरांची तोंडं कापली गेली. नूतनच्या घराचं अकरा फूट गेलं: ओटा, ओसरी आणि वर येणारा लाकडी जिना. पहिल्या मजल्यावरचं पुढचं दार तेवढं शाबूत उरलं. ते उघडलं की समोर हवा आणि खाली बारा फुटांवर रिक्षा. टेप घेऊन, भिंतीवर लाल पट्टा मारायला माणसं आली त्या दिवशी नूतनच्या बापाने, पंडितआप्पांनी, पेपरातून मान वर न करता "या, बठा" म्हटलं होतं. चहा पाजला होता. माणसं चहा प्याली आणि अकरा फूट घर घेऊन गेली.

"या, बठा" हा आप्पांचा आजार होता. बावीस वर्षं उधन्याच्या डाईंग मिलमध्ये रंगमास्तर, तिथे शेटपुढे तोंडातून शब्द फुटायचा नाही. घरी मात्र दाराशी पाऊल वाजलं की, "या, बठा. चहा टाक वं." पाऊल कुणाचं ते मागून बघायचं. खानदेशातून निघताना या लोकांनी शेत सोडलं, विहीर सोडली, भाऊबंद सोडले, आणि ही एक खोड तेवढी गाठोड्यात बांधून आणली, असं नूतनचं मत होतं. तिची मतं पुष्कळ होती, कारण दुसरं काही तिला करू दिलेलंच नव्हतं. प्लेगच्या साली सगळी सुरत पळाली तशी हीही माणसं शिंदखेड्याला पळाली. महिन्याने परत आली, तेव्हा आप्पा म्हणाले, "आते काय कॉलेज? वरीस तं बुडनंच." बुडाला होता एक महिना. त्या महिन्याचं वर्ष केलं, वर्षाची दोन केली, आणि नूतन घरात बसून साड्यांना टिकल्या चिकटवू लागली.

आता तिने कॉलेजचा फॉर्म गुपचूप आणून तांदळाच्या डब्यात पुरला होता. सोमवार शेवटची तारीख. आणि नेमकी रविवारी दोंडाईच्याची माणसं तिला बघायला येणार होती. होकार आला की महिन्याभरात लग्न, मग दोंडाईचा, मग जन्मभर भाकरी. हे तिच्याशिवाय सगळ्यांना पसंत होतं.

पाहुण्यांना कार्ड टाकायचं तर आप्पांचं अक्षर कोंबडीचं, म्हणून लिहायला बसवली नूतनलाच. आप्पांनी सांगितलं, "सकाळी अकराले या." नूतनने लिहिलं, दुपारी चारला या.

कारण चारला डोसा यायचा.

डोसा म्हणजे तिकडे म्हातारा. जिना पाडून दोनेक महिने झाले असतील. रविवारची दुपार, गल्ली झोपलेली, पंख्याची करकर. आप्पा गावाकडून आलेला शिळा पेपर वाचत होते. आणि पुढच्या दाराबाहेर... जिन्यावर पावलं वाजली. सावकाश. एक पायरी, दम. एक पायरी, दम. जिथे लाकडाची ढलपीसुद्धा उरली नव्हती तिथे लाकूड करकरत वर येत होतं. दाराशी येऊन कुणीतरी घसा साफ केला, ओळखीच्या घरी शिरताना करतात तसा. बंद दाराच्या फटीतून तपकिरीचा, बुरशी धरलेल्या कापडाचा वास आत आला. नूतनच्या आईच्या, सरलाबाईच्या, हातातली चाळणी जागच्या जागी थांबली. आणि आप्पा मान वर न करता म्हणाले, "या, बठा."

कोपऱ्यातली वेताची खुर्ची खाली दबली.

झालं. बोलावल्यावर कोण येणार नाही? तेव्हापासून रोज चार वाजता. दिसायचं कुणी नाही, बोलायचं कुणी नाही. खुर्चीपुढे ठेवलेला कप मात्र रिकामा व्हायचा.

गल्लीत वादाला तोंड फुटलं, की हा नक्की कुणाचा. ज्याचा असेल त्याने निस्तरावा. खालच्या मजल्यावरच्या पारशी खोरशेदबाई म्हणाल्या, "अमारामांथी नथी, दीकरी. आमचा असता तर चहाबरोबर बिस्किट मागितलं असतं." रस्त्यात अर्धं दुकान गेलेले बोहरी ताहेरभाई म्हणाले, "आमचा माणूस खाली सलाम केल्याशिवाय वर जायचा नाही." समोरच्या जैन शहाकाकांनी चहात आलं घालता का एवढंच विचारलं, आणि घालतो म्हटल्यावर हात झटकून मोकळे झाले. चारला वर यायची हिंमत कुणी केली नाही, पण उपाय मात्र सगळ्यांनी दिले. महिन्याभरात त्या बिनजिन्याच्या दारावर लिंबू-मिरची, ताईत, नवकार मंत्राचा कागद आणि खोरशेदबाईंनी चुन्याने छापलेले मासे असं सगळं एकत्र नांदू लागलं. डोशाला कशाचाच त्रास झाला नाही. त्या गल्लीत जन्म काढलेला माणूस. त्याला सगळ्यांचीच सवय असणार.

तर रविवार. अकरा वाजले, बारा वाजले. आप्पा रेल्वेला शिव्या देत होते. "तापी लाईनले काही धरबंद शे का?" नूतन शहाण्यासारखी साडी नेसून कांदेपोहे परतत होती. पाहुणे बरोबर पावणेचारला मागच्या जिन्याने वर आले: मुलाचे वडील रघुनाथअण्णा, आई धुरपदाबाई, आणि मुलगा योगराज, जो बी. ए. ला दोनदा बसला होता आणि दोनदा उठला होता.

अण्णा वेताच्या खुर्चीकडे वळले तशी सरलाबाई घाईघाईने म्हणाल्या, "तठे नको, अण्णा. सतरंजीवर बसा."

"काबरं?"

"ढेकूण शेत तिच्यात."

चार वाजले. नूतन पोह्यांच्या ताटल्या घेऊन दारामागे उभी होती. पायरी. दम. पायरी. दम. सरलाबाईंनी डोळे मिटले. घसा साफ झाला. आप्पांनी ओठ घट्ट दाबले होते, पण जन्माची सवय ती. "या... बठा," त्यांच्या तोंडून निसटलंच.

नूतन किंकाळीची वाट बघत होती.

रघुनाथअण्णा सतरंजीवरून उठले आणि खुर्चीला हात जोडले. "राम राम, बाबा." धुरपदाबाईंनी पदर डोक्यावर घेतला, वाकल्या आणि खुर्चीपुढच्या फरशीला हात लावून कपाळाला लावला. मग दोघं बसले, चेहऱ्यावर मान राखल्याचं समाधान.

"हाई कोन म्हना?" अण्णांनी आप्पांना विचारलं.

आता खरं सांगायचं तर हीच वेळ होती. पण पाहुण्यासमोर पाहुण्याला परका म्हणायचं, हे आप्पांच्या रक्तात नव्हतं. "घरनाच शेत," ते म्हणाले आणि डोसा घरचाच झाला.

नूतनच्या घरातल्या कुणाला खुर्चीवर काहीच दिसत नव्हतं. ऐकूही येत नव्हतं. दोंडाईच्याची दोन म्हातारी माणसं रिकाम्या वेताशी गप्पा मारत होती आणि घरमालक घाम पुसत बघत होते.

"नही बाबा, गाडी येळवर होती," अण्णा म्हणाले. आप्पांनी वळून नूतनकडे पाहिलं. नूतनने पोह्यांकडे पाहिलं.

अण्णांनी खुर्चीकडे कान दिला. मग, जरा ओशाळून, "नही, पोरगा दारू पेत नही. तंबाखू खास. तुमना पुढे खोटं काय बोलू?" योगराज कानापर्यंत लाल झाला.

खुर्चीकडे बघता बघता धुरपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "अरे देवा... अकरा फूट? इचारलं बी नही?"

नूतन चहा द्यायला वाकली तेव्हा योगराज ओठ न हलवता पुटपुटला, "ते कुणाशी बोलतायत?"

"तुला पण दिसत नाही?"

"खुर्ची दिसते." त्याने आवंढा गिळला. "हे बघ, मला हे लग्न करायचंच नाही. मला कॅसेटचं दुकान टाकायचंय."

"मग सांग ना तुझ्या बापाला."

"तू सांगितलंस तुझ्या?"

डोशाने ही बैठक उधळावी म्हणून तिने दोन आठवडे दिवस मोजले होते. आणि तो तर मधे बसून सोयरीक जमवत होता. म्हातारे सगळे एकाच जातीचे, तिला वाटलं. मेले म्हणून काही पार्टी बदलत नाहीत.

तेवढ्यात रघुनाथअण्णांनी मांडीवर थाप मारली. "ठरनं मंग. बाबा, तुमना शबद."

"काय ठरनं?" आप्पांचा आवाज चिरका निघाला.

"सगळं. आपली अहिराणी काय गोड बोलतस हो बाबा. कोनता गावना?" उत्तराची वाट न बघता अण्णा पुढे म्हणाले, "त्यासनी एकच अट शे. पोरगी आठेच राही. योगराज आठे येई. आम्हाले काय, चार पोरं नि दीड खोली. मंजूर करी टाकं."

दोंडाईचा टळलं. नूतनच्या छातीवरचं ओझं उतरलं, ते अर्धा मिनिट. मग तिने विचारलं, "असं का म्हणाले ते?"

अण्णा खुर्चीकडे बघून आदराने हसले. "म्हनतस, 'मन्हं अर्धं घर गयं. आते या घरमाईन एक बी मानूस मी जाऊ देवाव नही.'"

पंखा फिरत होता. वारा लागत नव्हता. नूतनच्या मनात एक हिशेब आपोआप जुळला. डोसा बाहेरच्यांना दिसत होता. दिसत नव्हता तो घरातल्यांना. आणि योगराजलाही दिसला नव्हता...

पाहुणे उठले. "मागल्या जिन्याने या," सरलाबाई म्हणाल्या.

"नको, बाबा पोचाडाले येतस ना," असं म्हणत अण्णा सरळ पुढच्या दाराकडे गेले. आप्पा धावले, त्यांच्या बाहीला धरलं, पण बाही सुटली. दार उघडलं. लिंबू-मिरची डोलली. अण्णा आणि मागून धुरपदाबाई हवेत पाय टाकून, कठड्याला धरल्यासारखा हात सरकवत, खाली उतरत गेले. चौदा पायऱ्या वाजल्या. रस्त्यावर पोचून अण्णांनी वर हात केला. "नवरदेव, चाल रे," ते ओरडले. योगराज आधीच मागच्या जिन्याने, चपला हातात घेऊन, सुटला होता.

ताहेरभाईंनी दुकानाचं शटर दिवसाउजेडीच ओढून घेतलं.

सोमवारी सकाळी आप्पा मिलला जाणार होते. गेले नाहीत. नूतनने फॉर्म डब्यातून काढला, तांदूळ झटकले, पर्समध्ये घातला आणि मागच्या जिन्याकडे वळली. त्या मागच्या दारात वेताची खुर्ची होती. आत तोंड करून. बैठक मधोमध दबलेली.

"आप्पा, ही कोणी ठेवली इथे?"

आप्पांनी पेपर आणखी वर धरला. "मी सुट्टी टाकी दिधी. तू बी आज नको जाऊ, पोरी."

"खुर्ची उचला ना."

"वडील मानूस शे... कसं उठाडू?"

एवढं पुरे झालं. दोन वर्षं तिने जिवंत म्हाताऱ्यांचं ऐकलं होतं. मेलेल्याचंही ऐकत बसायला ती काही देवीची मूर्ती नव्हती. ती उलटी फिरली, पुढच्या दाराकडे गेली आणि कडी काढली. सरलाबाई मागून "नूतन... नूतन" एवढंच म्हणत राहिल्या. खाली रिक्षा, सायकली, दुधाची केन. तिने चौकटीला घट्ट धरलं आणि एक पाय बाहेर सोडला.

पायाला लाकूड लागलं. गार, मधे झिजलेलं.

तिने दुसरा पाय टाकला. मागे, घराच्या पार आतल्या टोकाला, खुर्ची करकरली. मग तिच्या पाठीमागे पावलं. एक पायरी, दम. ती घाईने उतरली तशी पावलंही घाईने उतरली, आणि म्हाताऱ्याला घाई झेपत नव्हती, हे दम लागल्यावरून कळत होतं. रस्त्यावर तिने मागे वळून पाहिलं. काही नव्हतं. ताहेरभाई अर्ध्या शटरखालून बघत होते. ते तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या खांद्यामागे बघत होते, आणि त्यांनी हळूच कपाळाला हात लावून सलाम केला.

बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही, गर्दी असून.

कॉलेजच्या खिडकीवर शेवटच्या तारखेची रांग होती. दीड तासाने तिचा नंबर आला. कारकून चष्मा कपाळावर चढवलेला, घामेजलेला, सगळ्या जगावर वैतागलेला गृहस्थ. त्याने फॉर्म उलटसुलट केला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"वाली नी सही क्यां छे?"

पालकाच्या सहीची जागा रिकामी होती. आप्पांची सही आपणच ठोकायची असं तिने ठरवलं होतं, पण रांगेत मागे तपकिरीचा वास येत होता आणि तिने पेनच काढलं नव्हतं. "वडील मिलमध्ये आहेत," ती खोटंच म्हणाली. "मी करून आणते..."

"अरे, एमां शुं?" कारकुनाचा चेहरा एकदम मवाळ झाला. तो अर्धवट उठला, खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि आपलं पेन तिच्या कानाजवळून मागे धरलं. "दादा साथे आव्या छे ने. ए करी दे." दादा म्हणजे तिकडे आजोबा.

त्याने पेन सोडलं.

ते खाली पडलं नाही.