डबल क्लच

पटणार नाही, ठाऊक आहे मला. मलाही पटलं नसतं.

पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मामेबहीण आहे, आणि तिला साधी थाप मारायची म्हटली तरी तिचे कान लाल होतात. शिवाय घडलं तेही रात्री-बिरात्री नाही. भुतं रात्रीच येतात असं कुणी सांगितलं तुम्हाला? हे घडलं भर दुपारी, टॉवरच्या डोंगरावरून खाली उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर.

धुकं मात्र होतं.

आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. डोंगरावर मोबाईलचा टॉवर आहे, त्याची देखभाल हे तिचं काम. बॅटऱ्या, केबली, जनरेटर. टॉवर बंद पडला की हातातला घास टाकून वर जायचं. आणि त्या रस्त्याने धड चढणारी गाडी एकच, मामांची जुनी जीप.

मामा म्हणजे तिचे बाबा. त्यांना दोन मुलं. थोरली ताई, आणि धाकटा मुलगा, ज्याला ते लाडाने कॅप्टन म्हणायचे.

आता या कॅप्टनची गंमत ऐका. त्याला गाडीत बसलं की मळमळतं. लहानपणापासून. आणि मामांनी नेमका त्यालाच ड्रायव्हर करायचा चंग बांधलेला. सुट्टी आली की कॅप्टन स्टिअरिंगवर, मामा शेजारच्या सीटवर आणि ताई मागे. मागे कशाला, तर गाडी रुतली की ढकलायला.

"बाबा, मलाही शिकवा ना," ती म्हणायची.

"तुला काय करायचंय?"

संपला विषय.

त्या जीपचा गिअरबॉक्स जुन्या पद्धतीचा. खालचा गिअर टाकायचा तर डबल क्लच मारावा लागायचा. म्हणजे क्लच दाबून गिअर काढायचा, क्लच सोडायचा, थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. जरा चुकलं की आत दात करकरायचे आणि मामांचा पारा चढायचा. कॅप्टनला ते जन्मात जमलं नाही. मागे बसलेल्या पोरीचं मात्र बघून बघून पाठ झालं.

मामांच्या शेवटच्या आजारपणात ताईनेच सगळं केलं. औषधं, अंथरूण, सगळं. जाताना मामा काय बोलले? "जीप कॅप्टनला."

तिच्याकडे बघून फक्त पाणी मागितलं.

सगळे नातेवाईक पांगल्यावर कॅप्टनने किल्ली मुकाट्याने ताईच्या हातात ठेवली. "घे बाई. मला ती नुसती दिसली तरी पोटात ढवळतं."

तिने घेतली. पण मला म्हणाली, "ही भीक झाली रे. ज्यांनी द्यायची त्यांनी दिलीच नाही." तिला जीपची हाव नव्हती हो. तिला बापाच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की पोरी, तुला जमतं. आता ऐकवणार कोण?

बरं, जीप मिळाली तरी ती तशीच वापरणं शक्य नव्हतं. गिअर तीनच. हायवेला लागली की इंजिन नुसतं किंचाळायचं, आणि जुन्या बॉक्समधला दुसरा गिअर मधेच निसटायचा. मामा असताना कुणाची टाप नव्हती. "गिअरबॉक्सला हात लावायचा नाही," असा त्यांचा हुकूमच होता. ताईने तो मोडला. म्हणाली, "गाडी कॅप्टनची, डोकं माझं. बसू दे त्यांना वर बोंबलत."

ती जीप घेऊन मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री मामांच्याच वयाचा, त्यांना साहेब म्हणणारा, हाताचा चांगला, पण गिऱ्हाईक बाई असली की शेजारी पुरुष शोधणारा.

"चाकं फिरवणाऱ्या डिफरन्शलचे दात बदलू," तो म्हणाला. "गाडी हायवेला कशी पळेल बघ."

"पळेल. पण डोंगर उतरताना कोण धरेल तिला? इंजिनचा ब्रेकच उरणार नाही."

"मग राहू दे जुनंच. साहेबांची आठवण."

"आठवणीने दुसरा गिअर थांबतो का?"

शेवटी मिस्त्रीने तिचंच ऐकलं. डिफरन्शलचे दात तसेच ठेवायचे. नव्या गाडीचा पाच गिअरवाला बॉक्स बसवायचा, म्हणजे वरचा गिअर हायवेला आणि खालचे डोंगराला. नव्या बॉक्सला डबल क्लच लागत नाही, एकदा दाबला की काम झालं. आणि शेजारी जो हाय-लोचा दुसरा दांडा असतो, त्याच्या लोमध्ये आणखी ताकदीचे दात घालायचे. लो टाकला की गाडी मुंगीच्या पावलाने उतरते. फक्त तो दांडा जुन्याच पद्धतीचा राहणार होता. गाडी उभी करून टाकायचा. चालत्या गाडीत टाकायचा तर तिथे डबल क्लचच हवा, आणि तोही अचूक.

"साहेबांनी शिकवलं वाटतं सगळं," मिस्त्री म्हणाला.

"नाही," ताई म्हणाली. "मला कुणी शिकवलं नाही."

गाडी तयार झाली. लोण्यासारखे गिअर पडू लागले. ताई खूश.

आणि मग तो आवाज सुरू झाला...

ती गिअर बदलायची. क्लच एकदा दाबायची.

आवाज दोनदा यायचा.

खट्...

...खट्.

दुसरा आवाज तिच्या पायाखालून नव्हता. शेजारच्या सीटच्या पुढून, जिथे पेडल नाहीच, तिथून यायचा. कुणीतरी तिथे बसून रिकाम्या पत्र्यावर पाय दाबावा तसा.

मिस्त्रीने गाडी जॅकवर चढवून सगळं तपासलं. काही सापडलं नाही. कॅप्टनला पोटावर हात ठेवून मैदानात चक्कर मारायला लावली. एकदाही आवाज नाही. ताई बसली, गिअर बदलला.

खट्... खट्.

मिस्त्रीने टोपी काढली आणि हळूच म्हणाला, "ताई, साहेबांना आवडलेलं दिसत नाही."

तिला भीती वाटली का? छे. तिच्या डोक्यात तिडीक गेली. "जिवंतपणी बसू दिलं नाही, मेल्यावरही नाही म्हणतात. कॅप्टनने चालवली तर चालतं, नाही का?" त्या दिवसापासून ती गिअर टाकताना मुद्दाम मोठ्याने रेडिओ लावायची.

रेडिओ चालू असला तरी ऐकू यायचंच.

मग ती दुपार आली. टॉवर बंद पडला. वर धुकं दाटलेलं, अंगात कापरं भरवणारी थंडी. ताईचं जाकीट धुवायला टाकलेलं, म्हणून तिने कॅप्टनचं घातलं. केस वर बांधून त्याचीच कानटोपी चढवली. वर गेली, काम उरकलं, परत निघाली.

आवाज आला नाही.

पहिल्या वळणाला गिअर बदलला. काही नाही. दुसऱ्या वळणाला बदलला. काही नाही. इतके दिवस ज्या आवाजाला शिव्या घातल्या, तो नाही म्हटल्यावर तिला कसंतरीच झालं. तिने रेडिओ बंद केला.

तेव्हा शेजारच्या सीटची स्प्रिंग वाजली...

माणूस बसल्यावर वाजते तशी.

तिने मान वळवली नाही. वळवायला वेळच नव्हता, कारण समोर उतार होता आणि ब्रेकवर पाय दिला तर पेडल सरळ तळाला गेलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तळाला. ब्रेक गेले होते.

जीप सुटली. हँडब्रेक ओढला, त्याने नुसता वास सुटला. तिने दुसरा गिअर टाकला, मग पहिला. वेग थोडा मोडला, पण तो उतार पहिल्यालाही जुमानत नाही. डावीकडे दरी, आणि धुक्यात पुढचं वळण दिसेना. आता एकच उपाय होता, लो. चालत्या गाडीत.

तिने क्लच दाबून तो दांडा ओढला.

करकर... दात नुसते घासले. दांडा हातात थडथडला आणि परत आला. पुन्हा ओढला. पुन्हा तेच. सगळं पाठ होतं तिचं. पण मागे बसून पाठ करणं वेगळं आणि घामाने भिजलेल्या हाताने करणं वेगळं.

आणि तेव्हा शेजारून आवाज आला...

"दाब."

शांत आवाज. रागाचा लवलेश नाही.

तिने दाबला.

"काढ... आता सोड."

तिने सोडला.

"रेस दे. अजून... बस. दाब."

तिने दाबला.

"आता ओढ."

दांडा आत गेला. करकर नाही, काही नाही. तिने क्लच सोडला आणि जीप कुणीतरी मागून धरल्यासारखी आखडली. इंजिन ओरडलं. वळण आलं तेव्हा गाडी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चालली होती.

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते मिळालं होतं.

मग शेजारून पुन्हा आवाज आला. इतका मायेचा की तिने तसा कधी ऐकला नव्हता...

"शाब्बास, कॅप्टन."

त्यानंतर पायथ्यापर्यंत कुणी बोललं नाही. सीट मात्र खाली गाडी थांबल्यावरच वाजली.

मिस्त्रीला ब्रेकचा पाइप फुटलेला सापडला. त्याचं काही नाही, जुनी गाडी आहे, होतं. पण लो चालत्या गाडीत, त्या उतारावर पडला यावर तो विश्वास ठेवेना. "साहेबांनाच जमलं असतं ते," एवढं म्हणून तो कामाला लागला.

ताईने कॅप्टनला सगळं सांगितलं. मी तिथेच होतो. मला वाटलं तो घाबरेल, निदान रडेल तरी. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"शाब्बास म्हणाले?" त्याने विचारलं.

"हो."

"मला एकदाही म्हणाले नाहीत गं. चुकलं की मुस्काटात द्यायचे. म्हणून तर मळमळायचं मला."

मला तिथे बसवेना.

ताई अजून ती जीप चालवते. आवाज पुन्हा आला का, हे ती सांगत नाही. मी एकदाच तिच्याबरोबर टॉवरपर्यंत गेलो होतो. शेजारी बसायला निघालो, तर म्हणाली, "तू मागे बस." मी मागे बसलो. चांगलं कडक ऊन होतं, आणि तिने कॅप्टनचं जाकीट आणि कानटोपी घातली होती.

परत आल्यावर मी न राहवून विचारलं, "त्या दिवशी तू सांगितलं का नाहीस, बाबा, मी आहे म्हणून?"

"तोंड उघडलं होतं मी," ती म्हणाली. "पण मग ते उतरून गेले असते."